वकीलबाईंचा नावाडी

वकीलबाई वकील नव्हत्या. मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या चादरींच्या घड्या घालायच्या. हे नाव त्यांना आमच्या मंडळींनी दिलं, आणि दिलं ते एका अशा माणसाची बाजू लढवल्याबद्दल, जो कधी जन्मालाच आला नव्हता. तो एका पुस्तकातला नावाडी होता.

आमची मंडळी म्हणजे माझ्या सलूनमध्ये आठवड्याच्या सुट्टीला जमणारे चार रिकामटेकडे. हा शब्द माझ्या बायकोचा, मी फक्त पुढे पोचवतोय. मी न्हावी. आठवडाभर लोकांची डोकी बाहेरून हाताळली की मला जादूच्या, राजेराण्यांच्या, उशीएवढ्या जाड कादंबऱ्यांची तल्लफ येते. दुसरे मास्तर. आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आता जे देश अस्तित्वातच नाहीत त्यांचे नकाशे काढतात. तिसरी औषधांच्या दुकानातली मुलगी. ती शेवटचं पान आधी वाचते आणि मग आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसते. माझ्या मते याला शिक्षा असायला हवी. आणि चौथ्या या बाई.

पुस्तकाचं नाव ‘काळ्या पाण्याचं राज्य’. सात भाग येणार होते, त्यातला हा पहिला. त्या राज्यातली नदी समुद्रातून निघून डोंगराकडे वाहते आणि तिचं पाणी जो पितो तो आपल्या शत्रूचा चेहरा विसरतो. मास्तरांना ही नदी अजिबात मंजूर नव्हती. पाणी चढाला वाहतंच कसं, यावर त्यांनी आमचे दोन आठवडे खाल्ले. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, राणी मुडद्यांशी बोलते ते तुम्हाला चालतं, आणि नदी जरा वर गेली तर पोटात दुखतं?" तेव्हा कुठे ते गप्प झाले.

तर त्या पुस्तकात एक नावाडी आहे. जेमतेम पाच-सहा पानांचा धनी. लढाईच्या धामधुमीत तो आंधळ्या राणीला पलीकडच्या तीरावर सोडतो आणि परत फिरतो. मग एकच ओळ येते, की होडी रिकामीच घाटाला लागली आणि तिच्यात वल्हं नव्हतं. पुढच्या पानावर राजवाडा, तख्त आणि विष. नावाड्याचं नाव पुन्हा निघत नाही.

बाई आमच्यात आल्या त्या या एका ओळीमुळे. ऑपरेशनच्या आधी पेशंटांचे केस काढायला हॉस्पिटलमधून मला बोलावणं येतं. अशाच एका फेरीत माझ्या पिशवीतलं पुस्तक त्यांना दिसलं. "एवढं जाड? उशाला घ्यायला आणलंय का?" त्यांनी विचारलं. मी चिडून म्हटलं, वाचून बघा आणि मग बोला. आठवड्याने त्यांनी ते स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळून परत दिलं आणि सरळ विचारलं, "दादा, नावाडी मेला असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "असल्या पुस्तकांचा एक नियम असतो. प्रेत दाखवलं नाही, तर माणूस मेला धरायचा नाही."

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चादरी उचलून आत गेल्या. मला वाटलं, चला, अजून एक वेडं माणूस सापडलं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

औषधवालीने नंतर सांगितलं. बाईंचा एकुलता एक मुलगा पुलाला रंग द्यायचं काम करायचा. चार वर्षांपूर्वीच्या पुरात पुलाखाली बांधलेली फळी वाहून गेली आणि तिच्याबरोबर तो. बरोबरचे दोघं खाली काठाला सापडले. हा सापडला नाही. घरात मागे राहिल्या या दोघी, सासू आणि सून. राहायच्या माझ्या दुकानासमोरच्या इमारतीत, तळमजल्यावर; पण माझं दुकान या गल्लीत आलं पुरानंतर, म्हणून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या सुट्टीला बाई पहिल्यांदा दुकानात आल्या आणि मधल्या फिरत्या खुर्चीवर बसल्या. मास्तर सवयीने म्हणाले, नावाडी गेलाच, लेखकाने त्याला फार छान निकालात काढलाय. बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "वल्हं कुठंय?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"होडी परत आली, वल्हं आलं नाही. बुडणाऱ्याच्या हातून वल्हं सुटतं. सुटलं की ते तरंगतं, होडीच्या मागोमाग घाटाला लागायला हवं. नाही लागलं. म्हणजे ते कोणीतरी हातात धरून नेलं. मास्तर, मेलेला माणूस वल्हं घेऊन कुठे जाणार?"

मास्तरांची बिनपाण्याने झाली, आणि तीही माझ्याच दुकानात. औषधवालीने टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी बाईंच्या वकीलबाई झाल्या. त्यानंतर दर आठवड्याला नवा मुद्दा यायचा. नावाड्याला पाण्याखालचे खडक पाठ होते, हे दुसऱ्या प्रकरणात आहे. त्याने राणीकडून भाडं घेतलं नव्हतं, म्हणजे तो ते मागायला येणार. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणतात तो असा. आम्हीही त्यांना सूत पुरवत होतो. औषधवाली तर रात्र रात्र जागून पुस्तकातून पुरावे काढून आणायची. बाईंचा चेहरा उजळायचा, आणि आम्हाला वाटायचं, आपण पुण्य करतोय. एकटे मास्तर कुरकुरायचे. मी त्यांच्यावर डाफरायचो. त्यांचं काय जात होतं हो म्हणायला?

जाणारं सुनेचं जात होतं. आमच्यापैकी कोणाच्या ते डोक्यातच आलं नाही.

सून बेकरीत पाव बांधायचं काम करायची. अबोल, काटक, जेमतेम तिशीची. बेकरीचा टेम्पो चालवणारा एक माणूस तिला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा. कोपऱ्यापर्यंतच, दारापर्यंत कधी नाही. तोही एकटाच होता, बायको वारलेली. माझ्या दुकानाच्या काचेतून सगळी गल्ली दिसते, आणि न्हाव्याने डोळे मिटून धंदा करावा अशी कोणाची अपेक्षा नसते. टेम्पो थांबला की दोघं काहीच बोलायची नाहीत. ती उतरायची, तो इंजिन चालू ठेवून ती दारात पोचेपर्यंत थांबायचा. बस, एवढंच. कायद्याने ती अजून बायको होती. नवरा मेल्याचा पुरावा नव्हता आणि पुराव्याशिवाय मेला धरायला अजून काही वर्षं काढावी लागणार होती. तोवर टेम्पोवाला थांबेल, याची खात्री कोणी द्यायची?

त्यांच्या घराचं कुलूप जुनं होतं. किल्ली फिरवताना दार खांद्याने वर उचलावं लागायचं. सून बदलू म्हणायची, बाई बदलू द्यायच्या नाहीत. कारण मुलगा गेला तेव्हा त्याची किल्ली त्याच्या खिशात होती.

एका संध्याकाळी ते कुलूप पुरतं अडकलं. सून थंडीत बाहेर उभी. अंगात ताप असावा, भिंतीला टेकून खाली बसली. टेम्पोवाला अजून कोपऱ्यावरच होता. तो धावत आला, त्याने दोन धक्क्यांत दार उघडलं आणि कुलूप तुटलं. नेमक्या तेव्हाच वकीलबाई कामावरून आल्या. मी दुकानातून बाहेर आलो, म्हटलं आता इथे महाभारत होणार. बाई त्या माणसाबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. त्या कुलपावरून सुनेवर ओरडल्या.

"तोडलंस? कुलूप तोडलंस? आता तो आला की काय करेल?"

सून उठून उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि मला तोच जास्त लागला. "आई, तो आला तर दार वाजवेल. मी उघडेन. मी कुठे जातेय?"

टेम्पोवाला खाली मान घालून निघून गेला. बाई तुटलेलं कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावरच बसल्या. मी शटर ओढून घरी आलो, पण जेवण गेलं नाही. चार वर्षांत त्या मुलीने एवढीच काय ती तक्रार केली असेल, आणि ती तक्रारसुद्धा नव्हती.

पुढच्या सुट्टीला वकीलबाई आल्या, पण मुद्दा आणला नव्हता. आमची आंधळ्या राणीवर चर्चा चालली होती. ती खरंच आंधळी आहे की नाटक करते, असा तो वाद. बाईंनी मधेच विचारलं, "नावाडी निघतो तेव्हा घाटावर एक बाई उभी असते. आठवते ती?"

आम्ही पानं उलटली. खरंच होती. अर्ध्या ओळीत. ‘घाटावर त्याची बायको उभी होती.’ इतक्यांदा वाचूनही ती आमच्या कोणाच्याच डोळ्यांत भरली नव्हती.

"मग पुढे तिचं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"पुढे काही नाही," औषधवाली म्हणाली. "पुन्हा येतच नाही ती."

"पुढच्या भागात येईल?"

मास्तरांनी चष्मा पुसला. त्या माणसाला गोड बोलणं कधी जमलंच नाही. "नाही येणार बाई. तिचं काम झालं. नावाडी जिवंत आहे की नाही, या गुंत्यात लेखकाला तिची गरजच नाही. ती आपली घाटावर उभी राहील, सातही भाग."

बाईंनी पुस्तक मिटून आरशापाशी ठेवलं. मग उठून गेल्या. मी मास्तरांना नको नको ते बोललो. आता वाटतं, आम्हा सगळ्यांत त्यांनीच तेवढं काहीतरी खरं सांगितलं होतं.

त्यानंतर महिनाभरात खालच्या बंधाऱ्याच्या दारांपाशी गाळ उपसताना एका माणसाची हाडं सापडली. नदीकाठच्या ज्या ज्या घरांतलं माणूस बेपत्ता होतं त्यांना पोलिसांनी निरोप धाडले. वकीलबाईंचं घर सगळ्यात जवळ, म्हणून निरोप आधी त्यांना मिळाला. सून बरोबर यायला निघाली होती. बाईंनी तिला दारातच अडवलं. "तू कामावर जा. असलं काही तू बघायचं नाहीस. मी बघून येते." मग समोर येऊन मला म्हणाल्या, "दादा, स्कूटर काढता का?"

शवागार हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला आहे. आत दिव्याखाली लोखंडी टेबल, त्यावर चादर. चादरीच्या कोपऱ्यावर लाँड्रीचा शिक्का होता. बाईंनी तो बोटाने चाचपला. "माझ्याच हातची घडी," त्या म्हणाल्या. पोलीस अधिकारी तरुण होता आणि बिचारा अवघडला होता. "मावशी, घाई नाही," तो म्हणाला. "पँटचा तुकडा आहे, पट्टा आहे. नीट बघा. नाहीतर तपासणीला पाठवावं लागेल, त्यात वर्षसुद्धा जातं."

बाईंनी पँटकडे, पट्ट्याकडे पाहिलंच नाही. खाली वाकून कवटीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चादर वर ओढली, दोन्ही कोपरे सारखे केले आणि म्हणाल्या, "माझाच आहे."

"नक्की ना, मावशी? म्हणजे कशावरून..."

"साहेब, तुम्हाला आई आहे ना? मग विचारू नका."

त्याने कागद पुढे केला. सही झाली. बाहेर नळ होता. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी पदराने माझ्याच गालावरचं पाणी टिपलं, लहान मुलाचं टिपावं तसं.

"दादा, एक सांगते. पोटात ठेवा. माझ्या मुलाचा पुढचा दात अर्धा होता. लहानपणी नळावर आपटला होता. याचे सगळे दात धड आहेत."

मला कळेना मी काय ऐकलं. कळलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. "मग हे काय करून बसलात तुम्ही?"

"हळू बोला. प्रेत दिसल्याशिवाय कोणी मेला धरत नाही. तुमचं पुस्तक धरत नाही, सरकार धरत नाही. आणि ती पोर तर मी धरत नाही तोवर धरणारच नाही, माझ्यासाठी म्हणून जन्मभर दार उघडायला बसेल. मग दाखवलं प्रेत. आता सुटेल ती."

"आणि तुमचा मुलगा?"

"तो आहेच की," बाई म्हणाल्या. "तो मेला असं मी कुठे म्हटलं?"

त्या परक्या हाडांचं सगळं त्यांनी रीतसर केलं. सून ऊर फुटेस्तोवर रडली. चार वर्षांचं साठलेलं होतं. ती रडत असताना बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी मान वर करू शकत नव्हतो. वर्षाच्या आत टेम्पोवाल्याशी तिचं लग्न झालं. अगदी साधं. बाई स्वतः पुढे होऊन उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, सासू असावी तर अशी. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण या वेळी लोक खोटं बोलत नव्हते.

सून दूरच्या वस्तीत राहायला गेली. दर रविवारी येऊन बाईंना पाव देऊन जायची. पुढे तिला दिवस गेले. बाईंनी सलूनमध्ये येणं सोडलं नाही. नावाडी जिवंत आहे हेच अजूनही म्हणायच्या. मास्तर आता वाद घालत नसत. बाईंना जाणीव झालीय, पण बोलून दाखवत नाहीत, अशी त्यांची समजूत होती. मी ती तशीच राहू दिली.

दुसरा भाग यायच्या थोडं आधीची गोष्ट. मी हॉस्पिटलमध्ये पेशंटांची दाढी करायला गेलो होतो आणि लाँड्रीच्या व्हरांड्यात गरम पाणी घेत होतो. पायऱ्यांवरून एक म्हातारी काठी टेकत टेकत वर आली. धाप लागलेली, साडी प्रवासाने चुरगळलेली. नदीच्या वरच्या अंगाला कुठेसं तिचं गाव होतं. मुलगा ओढा ओलांडताना वाहून गेलेला. पोलिसांचा निरोप गावात कोणीतरी घेतला आणि तिच्यापर्यंत पोचवायचं राहून गेलं. तिला आत्ता कळलं होतं. इथे कोणी सापडला होता का, असं ती दिसेल त्याला विचारत होती.

"सापडला होता, पण त्याला होऊन वर्ष उलटलं," धुतलेल्या चादरी न्यायला आलेला शवागाराचा माणूस म्हणाला. "त्याची ओळख पटली. घरच्यांनी नेला."

"म्हणजे माझा नव्हता?"

"नव्हता, आजी. या बाईंचा मुलगा होता तो." त्याने वकीलबाईंकडे बोट दाखवलं. त्या चादरींचा गठ्ठा घेऊन दारातच उभ्या होत्या.

म्हातारी मटकन पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसत होती. "मला वाटलंच होतं. माझा पोहायला पक्का. तो असा सापडायचा नाही." मग तिला भान आलं. ती धडपडत उठली, बाईंपाशी गेली आणि गठ्ठ्यासकट त्यांचे हात धरले.

"बाई, मला माफ करा हो. तुमच्या दुःखावर मी हसले. आईच्या जातीला शोभत नाही हे. पण काय करू, जीव इतका टांगणीला लागला होता."

वकीलबाईंचे ओठ हलले. मी बघत होतो. एक शब्द, आणि या म्हातारीला तिचा मुलगा मिळाला असता. त्याच एका शब्दाने पोटुशा सुनेचं लग्न बेकायदा ठरलं असतं. आयुष्यात मी असा घाबरलो नाही. काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"रडा तुम्ही," म्हातारी त्यांना म्हणाली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "तुमचं निदान संपलं. मी बघेन अजून वाट."

बाई रडल्या. ओळख झाल्यापासून त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीने त्यांना दोन घोट पाणी पाजलं, बस चुकेल म्हणाली आणि निघाली. फाटकापर्यंतच्या लांब रस्त्यावर ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.

"दादा, चालणं पाहिलंत तिचं?" बाईंनी विचारलं. "येताना काठी टेकत आली होती."

मी पाहिलं होतं. जाताना काठी तिने बगलेत मारली होती.

"एवढी आशा मी दिली तिला," वकीलबाई म्हणाल्या. "आता मरेपर्यंत पुरेल."